बाळंतिणीच्या दाराबाहेरचे केवळरामकाका

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी बाळंतीण आली की केवळरामकाका आपली प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर पालथी घालून घराबाहेर पडतात. खुर्ची त्यांची स्वतःचीच हवी. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून त्यांना बोलायला सुचत नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीखाली ती ठेवायची, खिडकीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं, घसा साफ करायचा आणि सगळ्या तुमसरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "हं पोरी, लेकरू पिऊन राहिलं का?"

आत जी कोणी असेल ती लाजेने आधी अर्धी होते, मग पाव होते. घरातल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतात. नवरा नावाचा प्राणी कुठल्या तरी कामाची आठवण होऊन निघून जातो. काकांना याचं काही नाही. ते कधी आत बघत नाहीत, कधी उंबरठा ओलांडत नाहीत, चहासुद्धा बाहेरच घेतात. त्यांच्या मते यात लाजण्यासारखं काही नाहीच. पाठ केली की पुरुष संपला, उरला तो फक्त सल्ला, असा त्यांचा हिशेब आहे.

आता हा अधिकार त्यांना दिला कोणी? सरकारने दिला. काका पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द मोहल्ल्यात कुणालाच नीट म्हणता येत नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्यांना सरळ डॉक्टर करून टाकलं. आयुष्यभर त्यांनी गायी-म्हशींच्या जखमा धुतल्या, अडलेली वासरं ओढली, आटलेल्या म्हशींच्या मालकांची समजूत घातली. निवृत्त झाल्यावर घरामागे एक म्हैस ठेवली. तिचं नाव राणी. मग माणसांकडे वळले.

सल्ला माणसांचा असला तरी भाषा काही सुटली नाही. पहिल्यांदा आई झालेल्या मुलीला ते 'पहिलारू' म्हणतात. दुसरं मूल झालं असेल तर "दुसऱ्या वेताले तरास नाही होत" असा धीर देतात. एकदा तर राइस मिलमधल्या मुनीमजींच्या सुनेला, "जेवण बराबर आहे ना? ढेप किती खाते?" असं विचारून बसले. सरकीची ढेप ही राणी खाते. सून अजून हे सांगताना हसून हसून खाली बसते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "दूध डोक्यात रायते पोरी, खाली त नुसता नळ आहे!" हे बोलताना ते पाठमोरेच स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारतात. खिडकीतून फक्त त्यांचं टक्कल आणि ती टिचकी दिसते. जनावर घाबरलं, दुखलं, परक्या माणसासमोर आलं की पान्हा चोरतं, तसंच बाईचंही होतं, ही त्यांची सगळी विद्या. यावर त्यांच्या बायकोचं, भागरथाकाकूंचं, एकच म्हणणं असतं. काकू म्हणजे चिमूटभर बाई, पण हसायला लागल्या की अख्खं अंग हलतं. "आमच्या यायले म्हशीचं समजते," त्या म्हणतात, "बाईचं नाही समजत." काका यावर कधी उलटून बोलत नाहीत. मोहल्ल्यात कुणाशीही वाद घालणारा हा माणूस तेवढ्या एका वाक्याला गप्प का बसतो, याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्यांचा सगळ्यात गाजलेला वाद खरवसाचा. एका घरी बाळंतिणीचं पहिलं घट्ट पिवळसर दूध घाण म्हणून पिळून टाकायचं चाललं होतं. काकांना कुणीतरी बातमी दिली. खुर्ची ठेवायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"म्हैस व्याली का चार घरी खरवस मागत फिरता ना? थो का आहे? म्हशीचा चीकच ना? वगाराच्या तोंडचा काढून आनता, वेलची टाकून मिटक्या मारत खाता, अन् आपल्या लेकराचा चीक मोरीत ओतता? थ्याच्यात लेकराची ताकद आहे सगळी!"

त्या घरची आजी काही बोलली नाही, कारण त्याच दिवशी सकाळी तिने राणीच्या चिकाचा खरवस दोनदा मागून खाल्ला होता. बाळाला पहिलं दूध मिळालं. आता ते बाळ शाळेत जातं आणि वर्गातल्या सगळ्यांना बदडतं. ही सगळी चिकाची कृपा, असं काका म्हणतात.

पण म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असतं असं समजू नका. भजन ऐकलं की राणी लवकर पान्हा सोडते, म्हणून त्यांनी एका खिडकीत रेडिओ लावून ठेवला. आई झोपली, बाळ झोपलं, आजी झोपली, दूध कोणीच प्यालं नाही. एका नवऱ्याला त्यांनी सांगितलं, "पाजाच्या आधी तिची पाठ थोपट, मोकळी होते." त्या गड्याचं खरं तर गुरांशीच जास्त जमायचं. त्याने अशी पाठ थोपटली की बायको दुसऱ्या दिवशी माहेरी जायला निघाली. मात्र एक आहे, कुणाला ताप आला, छाती लाल होऊन दुखायला लागली, बाळ सुस्त पडलं, की काका लगेच खुर्ची उचलतात. "हे माह्या हातातलं नाही. दवाखान्यात न्या, आत्ताच न्या." तिथे त्यांची म्हैस आडवी येत नाही.

मी मंजू. माहेर तुमसर, सासर लाखांदूर, नोकरी नागपूरला. शाळेत विज्ञान शिकवते. सस्तन प्राण्यांचा धडा मी दरवर्षी शिकवते आणि मुलांकडून घोकूनही घेते. त्यामुळे पहिल्या बाळंतपणासाठी घरी आले तेव्हाच आईला बजावून ठेवलं होतं, "केवळरामकाकांना सांगून ठेव. माझ्या खिडकीखाली खुर्ची आलेली मला चालणार नाही."

"मी सांगन," आई म्हणाली, "पण थे आयकतात का?"

मुलगी झाली. दवाखान्यात सगळं ठीक होतं. घरी आलो आणि माझा सस्तन प्राण्यांचा धडा संपला. पोरगी तोंड लावायची, दोन ओढ घ्यायची, सोडायची आणि किंचाळायची. छाती दगडासारखी घट्ट झाली होती. हात लावला तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यात भेटायला येणाऱ्या बायका. एक म्हणायची पाणी जास्त पिऊ नको, बाळाला सर्दी होईल. दुसरी म्हणायची भात बंद कर. भंडारा जिल्ह्यात भात बंद केला तर माणसाने खायचं काय, हे तिने सांगितलं नाही. तिसरी म्हणायची लसूण खा, चौथी म्हणायची लसणाकडे बघूसुद्धा नको. आणि हे सगळं सांगताना सगळ्या पलंगाच्या काठावर ओळीने बसून, दूध येतं का ते वाकून वाकून बघत होत्या. मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते. आता दर थोड्या वेळाने प्रेक्षकांसमोर नापास होत होते.

अशात खिडकीखाली खुर्चीचे पाय घासल्याचा आवाज आला.

"हं मंजू, पोरी, लेकरू पिऊन राहिलं का?"

मी दात आवळले. आईने मात्र फितुरी केली. "नाही ना भाऊजी. नुसतं रडून राहिलं."

"खोलीत माणसं किती आहेत?"

आई मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

"मंग कसा उतरल पान्हा? बजारात बांधून म्हैस दोहते का कोनी? बाहेर काढा सगळ्यायले! पोरगी बुजली आहे. अन् तिले पाणी द्या वहिनी, तांब्या भरून द्या. पाणी बंद केलं त दूध का हवेतून येईल?"

खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. बायका पदर सावरत, नाकं मुरडत बाहेर गेल्या आणि मी घरी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर पाणी प्याले.

काका तेवढ्यावर थांबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची खिडकीखालून उचलली आणि फाटकात आडवी टाकली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते परत पाठवू लागले. "आज भेट नाही. पोरगी बुजली आहे." माझी सख्खी आत्या सानगडीहून आली होती, ती परत गेली. शेजारच्या काकू ताटलीत शिरा घेऊन आल्या, त्यांचा शिरा आत आला, त्या बाहेर राहिल्या. आईला हे सगळं फार अवघड वाटत होतं, पण मला शांत झोप लागली म्हणून तिने काकांना तिथून उठवलं नाही.

आणि मग लाखांदूरच्या बसने माझ्या सासूबाई आल्या.

काका माझ्या लग्नात होते, पण ते पूर्ण वेळ पंगतीत भात वाढत होते. त्यामुळे त्यांनी सासूबाईंना कधी नीट पाहिलं नव्हतं. मला आतून फक्त आवाज ऐकू येत होते.

"कोन पायजे?"

"नात पाहाले आली मी."

"सगळे लेकरूच पाहाले येतात. उद्या या."

"अवो भाऊ, मी सासू होय तिची!"

मला वाटलं, आता हा माणूस उठेल.

"सासू होय? मंग त परवा या."

आई स्वयंपाकघरातून धावत गेली. सासूबाई हातातली भली मोठी पिशवी सावरत आत आल्या आणि चपला काढायच्या आधी म्हणाल्या, "इहीनबाई, तुमच्या फाटकावर हा कोन बसवला?"

"थे... डॉक्टर होत," आई म्हणाली.

"कायचे डॉक्टर?"

"जनावरायचे," आईच्या तोंडून निघून गेलं.

पुढचा अर्धा तास घरात कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. नातीला पाहिलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. तिला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली, पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, सुके झिंगे काढले, आणि सगळ्यात खालून पावडरच्या दुधाचा एक डबा आणि बाटली काढली. फोनवर त्यांनी पोरीचं रडणं ऐकलं होतं.

"लेकरू भुकेनं तडफडून राहिलं," त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "नसते काही काही बायायले दूध. माह्या जावेले बी नव्हतं. त्यात तुहा काही दोष नाही बाई."

दोष दिला असता तर मी भांडले असते. त्यांनी माया केली, त्यामुळे माझं अवसानच गेलं. मग त्यांनी तेच आईला सांगितलं, "हिले दूधच नाही." माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "तिले दूध नाही बाबू, तू काही टेन्शन घेऊ नको." नणंदेला सांगितलं. दुपारपर्यंत ती गोष्ट लाखांदूरला पोचली आणि पक्की झाली. मंजूला दूध नाही. माझी सही तेवढी बाकी होती. मी भिंतीकडे तोंड करून रडले. पोरगी माझ्याकडे तोंड करून रडली.

खिडकीतून आवाज आला. खुर्ची परत खिडकीखाली आली होती.

"डब्बा उघडू नका अजून. आधी सिस्टरले बोलवा. थे तपासून म्हनल का डब्बा द्या, त मी सोता पाणी उकळून देतो, बाटली बी मीच धुतो. पण तपासल्याबिगर नाही."

आईने फोन लावला. वॉर्डातल्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्यांनी पोरीला तपासलं, शी-शू विचारली, माझी छाती पाहिली आणि म्हणाल्या, "दूध भरपूर आहे. इतकं दाटलंय की बाळाला पकडताच येत नाहीये." गरम पाण्यात बुडवलेल्या कापडाने त्यांनी शेकायला लावलं, हलक्या हाताने थोडं दूध काढून छाती मऊ करायला शिकवलं. माझ्या पाठीला उशा लावल्या. मी पोरीवर वाकून वाकून पाठ मोडून घेत होते. "तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, तिला तुमच्याकडे आणा. पोटाला पोट लावा. तिने मोठा आ केला की मग घ्या. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. नाहीतर तुम्हाला दुखणार आणि तिला मिळणार नाही." यातलं एक अक्षर माझ्या धड्यात नव्हतं.

"सिस्टर," बाहेरून प्रश्न आला, "म्हंजे कडक झालं असन त आधी थोडं काढून मंग लावाचं ना? आमच्याकडं बी असंच रायते."

"बरोबर आहे काका," सिस्टर म्हणाल्या, "पण तुम्ही मध्ये बोलू नका."

बरोबर आहे एवढंच काकांनी ऐकलं. दोन-चार वेळा समाधानाने घसा साफ केल्याचा आवाज आला.

"घाई करू नका, मागेल तेव्हा पाजा. सध्या वरचं काही देऊ नका. मी संध्याकाळी परत येऊन बघते," असं सांगून सिस्टर गेल्या. आई पाणी तापवायला आत गेली. खोलीत मी, पोरगी आणि सासूबाई. डबा खिडकीच्या फळीवर तसाच होता. तेवढ्यात भागरथाकाकू माझ्यासाठी गरम पेज घेऊन आल्या. त्यांना फाटकात अडवायची हिंमत काकांमध्ये नव्हती.

"सिस्टर म्हन्ते दूध आहे," सासूबाई काकूंना म्हणाल्या, "पण लेकरू त अजून बी रडून राहिलं. मले नाही वाटत बाप्पा."

"नसते ना एखादीले," काकू पेजेची वाटी ठेवत हसत म्हणाल्या. "मले तरी कुठं होतं? थेंब नव्हता. माही मीना बकरीच्या दुधावर वाढली. माही सासू मरेस्तोर मले 'कोरडी' म्हने. कोरडीले आवाज द्या, कोरडीले जेवाले बोलवा. नावच पडलं होतं मले!"

आणि त्या अशा हसल्या की वाटीतली पेज हलली. सासूबाईही हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मंजूचं दुसरं नाव काय पडणार ते मला दिसायला लागलं होतं.

"होतं," बाहेरून आवाज आला.

काका कधी हळू बोलत नाहीत. हा आवाज इतका हळू होता की आधी मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"काय होतं?" काकूंनी खिडकीकडे पाहून विचारलं.

"तुले दूध होतं."

काकूंचं हसू अजून तोंडावरच होतं. "काही बी काय बोलता?"

"पोलकं समोरून भिजलेलं रायचं तुहं. मी पायलो होतो."

"थे त खराब पानी होय, पिळून टाक म्हनत होती तुमची माय."

"खराब नव्हतं. चीक होता थो." मला त्यांचं टक्कल दिसत होतं. ते खाली वाकलं होतं. "मायनं पहिले दिवस लेकरू तुह्याजोळ देल्लंच नाही. गुळाचं पानी चाटवलं बोटानं. अन् देल्लं तवा साऱ्या बाया तुह्या भवताल बसल्या होत्या, तोंडाकडं पाहत. तू थरथर कापत होती. बुजली होती तू. मी ओसरीतच होतो ना, दोर वळत बसलो होतो. मले सारं समजत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"गडी मानसानं बोलाचं नाही म्हनत त्यातलं." टकलावरून एक हात फिरला. मग काका म्हणाले, "म्हैस असती त बोललो असतो."

काकू खिडकीकडे बघत होत्या, सासूबाई काकूंकडे बघत होत्या. मी घरी आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. पोरीने रडता रडता मोठा आ केला आणि मी विचार न करता तिला जवळ ओढलं. क्षणभर झणकन दुखलं. मग छातीत मुंग्या आल्यासारखं झालं, दुसऱ्या बाजूचं पोलकंही ओलं झालं, आणि पोरगी गटागटा गिळायला लागली. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी रडत होते, पण हे रडणं वेगळं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि सांगायची वेळ नव्हती.

"माय गेली तवा तरी सांगाचं होतं," काकू म्हणाल्या.

"माय होती तवा हिंमत नव्हती. थे गेली तवा लाज वाटली. मंग वाटलं, तू विसरली असन."

"मानूस आपलं नाव विसरते का हो?" काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं.

सासूबाईंना आता माझ्या मांडीवरचा आवाज ऐकू आला. त्यांनी वळून पाहिलं. पोरीचे गाल हलत होते, इवलीशी मूठ सुटून माझ्या छातीवर पडली होती. सासूबाईंनी डबा उचलला आणि पिशवीत खाली ठेवून दिला. मग माझ्या पाठीमागची सरकलेली उशी नीट केली.

काकूंनी कमरेला खोचलेला फोन काढला. त्यांची मीना साकोलीला असते, तिची स्वतःची मुलं आता कॉलेजात आहेत. फोन उचलला गेल्याबरोबर काकू नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, "मीना, काम करून राहिली का? आयक. मले दूध होतं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"अवं काही झालं नाही, चांगली आहो मी. तुले पाजाले दूध होतं मले, थे सांगून राहिली. तुह्या आजीनं पाजू नाही देल्लं. कोन सांगतलं म्हंजे? तुह्या बापानं सांगतलं, आत्ता." मग त्यांनी खिडकीच्या गजांमधून फोन बाहेर काढला आणि काकांच्या टकलाजवळ नेला. "घ्या. तिले खरं नाही वाटत. तुम्हीच सांगा."

काकांनी मान न वळवता फोन घेतला.

"हो बेटा," ते पुटपुटले. "होतं."

"तिले आयकू नाही जात असं," काकू म्हणाल्या. "जोरानं सांगा."

"होतं ना बेटा. मी पायलो होतो."

"जोरानं."

काका उठून उभे राहिले. समोरच्या घरातली माणसं दारात आली होती, मिलच्या दिशेने जाणाऱ्या दोघी-तिघी फाटकापाशी थांबल्या होत्या. काकांनी फोन तोंडासमोर धरला आणि ओरडले, "होतं! तुह्या मायले दूध होतं! भरपूर होतं!" शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि ते खाली बसले.

भागरथाकाकू गज धरून खिडकीशीच उभ्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, अख्खं अंग हलेल अशा. पदराने तोंड पुसत त्या माझ्या सासूबाईंकडे वळल्या.

"आयकलं ना इहीनबाई?" त्या म्हणाल्या. "मले होतं बरं का."